ड्रिलची वेळ दहा ते एक

बंगळुरात स्थायिक होणाऱ्या मराठी माणसाच्या खरेद्यांचा एक क्रम ठरलेला असतो. आल्या वर्षी स्टीलचा कॉफी फिल्टर. मग स्कूटर, कारण रस्ते. मग इडलीच्या पिठासाठी टेबलावरचा वेट ग्राइंडर, कारण शेजारीण. मग सर्जापूर रोडला नाहीतर व्हाइटफील्डला फ्लॅट, कारण सासरे. आणि फ्लॅटची किल्ली मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात ड्रिल मशीन. पुण्यात असता तर याच माणसानं कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला हाक मारली असती. इथे ती हाक कन्नडमधून मारावी लागते. "दोन बोटं वर, जरा डावीकडे, एवढं नाही हो, आधी होतं तेच बरं होतं" हे सगळं कन्नडमधून सांगण्यापेक्षा भोक आपणच पाडलेलं बरं, असा त्याचा हिशेब असतो.

त्यातून बंगळूर ही एकेकाळी शहाजीराजांची जहागीर होती, ही माहिती मराठी माणूस इथे आल्यापासून महिन्याभरात ऑफिसातल्या सगळ्यांना देऊन मोकळा झालेला असतो. नव्या फ्लॅटच्या कोऱ्या भिंतीसमोर ड्रिल घेऊन उभा राहिला की त्याच्या चेहऱ्यावर जहागीरदारीचा तोच भाव दिसतो.

खरं तर हे शहर यंत्रांचंच. लोक आता त्याला सॉफ्टवेअरचं म्हणतात, पण १९४० मध्ये इथे विमानांचा कारखाना आला, १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स म्हणजे एचएमटी आली, पुढच्याच वर्षी भारत इलेक्ट्रॉनिक्स आली. ज्या बॉशचं नाव घरोघरच्या ड्रिलवर वाचायला मिळतं, तिचं भारतातलं मुख्यालय आडुगोडीत आहे. जुनी माणसं तिला अजून मायकोच म्हणतात. लेथवर हयात घालवलेली माणसं या शहरात पैशाला पासरी मिळतील, आणि त्यांच्याच शेजारच्या फ्लॅटमध्ये कंपासपेटीनंतर थेट ड्रिललाच हात घातलेले आमच्यासारखे लोक राहतात.

आमच्या मजल्यावर दोन्ही नमुने आहेत. एक नाशिककर. ते कुठल्याशा अमेरिकन बँकेचे सर्व्हर इथून सांभाळतात. दुसरे बेळगावचे काका. एचएमटीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. काकांच्या मनगटावर एचएमटीचंच चावीचं घड्याळ असतं, आणि कुठल्याही यंत्राला हात लावण्यापूर्वी ते पहिल्यांदा ते घड्याळ काढून खिशात टाकतात. मिक्सर लावायचा असला तरी. काकू म्हणतात, हे चटणी करायला घेतात की कारखाना सुरू करतात तेच कळत नाही.

ड्रिल घ्यायचं तर एस. पी. रोडला जायचं. नकाशावर तो सदर पत्रप्पा रोड आहे, पण ते नाव घेऊन पत्ता विचारलात तर लोक तुम्हाला नकाशाच दाखवतील. टाउन हॉलच्या मागच्या या गल्ल्यांत कपॅसिटरपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळं मिळतं, आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या चपलेकडे बघून भाषा ठरवतो. इथे येणाऱ्या आयटीवाल्यांचं वागणं मी पुष्कळदा पाहिलं आहे. ते घरून तीन मशीनांची तुलना करून आलेले असतात, वॉट आणि आरपीएम त्यांना तोंडपाठ असतात, आणि शेवटी घेतात ती शंभर वस्तू भरलेली पेटी, कारण तिच्यात सगळं जागच्या जागी बसवलेलं असतं. त्या शंभरांतल्या नव्वद वस्तू आयुष्यभर तशाच जागच्या जागी बसून राहतात.

पैसे देताना दुकानदार विचारतो, "सार, गॉगल?" संरक्षक चष्मा, साधा, प्लास्टिकचा, दोन-तीन फिल्टर कॉफींच्या किमतीचा. नाशिककरांनी तेव्हा स्वतःच्या नाकावरच्या चष्म्याकडे बोट दाखवलं होतं. त्यांच्या चष्म्याला दोन्ही बाजूंनी हवा खेळती आहे. काँक्रीटचा कणही त्याच वाटेनं येतो. दुकानदारानं आग्रह केला नाही. या बाजारापासून मिंटो डोळ्यांचं इस्पितळ फार लांब नाही. दर दिवाळीत फटाक्यांनी जखमी झालेल्यांचे आकडे त्याच्याच नावानं छापून येतात, त्यामुळे फटाका डोळ्यात जातो हे शहराला माहीत आहे. भिंतही डोळ्यात जाते, हे अजून कुठल्या सणाशी जोडलं गेलेलं नाही.

घरी आल्यावर पेटी उघडायची आणि सर्वांत वरची माहितीपुस्तिका बाजूला ठेवायची. ती कितीतरी भाषांत असते. सूचना वाचण्याऐवजी त्यात मराठी आहे का हे शोधायचं, नसेल तर दुःख व्यक्त करायचं, आणि असेल तर ती भाषांतरित मराठी मोठ्यानं वाचून हसायचं. दोन्ही बाबतींत पुस्तिकेचं काम तिथे संपतं.

मग मशीन हातात घेऊन चाप दोनदा हवेतच दाबला जातो. घुर्र, घुर्र. हे न करणारा पुरुष मी पाहिलेला नाही. दोष थोडा इतिहासाचाही आहे. हातात धरता येणारं विजेचं पहिलं ड्रिल १८९५ मध्ये स्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं केलं. ते धूड दोन्ही हातांनी धरून अंगानं रेटावं लागे, त्यामुळे ते धरल्यावर कुणाला आपण कुणी विशेष आहोत असं वाटण्याचा संभव नव्हता. पुढे बाल्टिमोरच्या ब्लॅक आणि डेकर या जोडीनं त्याला पिस्तुलाची मूठ दिली आणि बोटाखाली चाप दिला. १९१७ मध्ये त्याचं पेटंट झालं, आणि कल्पना कोल्ट पिस्तुलावरून सुचली असं सांगतात. तेव्हापासून भिंतीला भोक पाडणारा माणूस एक डोळा बारीक करून उभा राहू लागला.

आता भिंत. आपण लहानपणी पाहिलेली भिंत विटांची होती. तिच्यात खिळा जाई, येताना थोडा गिलावा घेऊन येई आणि कॅलेंडर त्या खड्ड्यावर टांगलं जाई. बंगळूरच्या नव्या टॉवरांत पुष्कळ ठिकाणी विटाच नसतात. अॅल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. बिल्डर याला मायवान म्हणतात आणि त्याचे जादा पैसे घेतात. म्हणजे तुमच्या दिवाणखान्याची भिंत ही लोखंडी सळ्या घातलेलं सलग काँक्रीट असते, आणि तिच्या पोटात विजेच्या नळ्या आधीच ओतून टाकलेल्या असतात.

नाशिककरांनी पहिल्या शनिवारी या भिंतीला साधं बिट लावलं. मशीनवर हातोडीचं चित्र असलेली एक खिटी असते. ती सरकवली की बिट फिरता फिरता ठोकेही मारतं. ती सरकवली नव्हती. दोन मिलिमीटर आत गेल्यावर प्रगती थांबली, वास सुटला, बिटाचं टोक निळं पडलं. अशा वेळी माणूस यंत्र थांबवून विचार करतो, अशी यंत्र बनवणाऱ्यांची कल्पना असावी. प्रत्यक्षात तो पोट लावतो. सासऱ्यांनी मागून पाठ धरली. बायको म्हणाली, "अरे, यूट्यूबवरच्या माणसानं नव्हतं असं केलं." यूट्यूबवरच्या माणसाची भिंत बहुधा प्लायवुडची होती.

मला नवल वाटतं ते वेगळंच. हा मनुष्य सोमवार ते शुक्रवार प्रोग्रामची एक ओळ बदलायची तर ती आधी दुसऱ्याकडून तपासून घेतो, वेगळ्या सर्व्हरवर चालवून बघतो, बिघडलं तर मागे कसं यायचं ते लिहून ठेवतो. शुक्रवारी दुपारनंतर तर कशालाही हात लावत नाही, कारण शनिवार बिघडायला नको. आणि तो राखून ठेवलेला शनिवार उजाडला की त्याच भिंतीत, जिच्या आत २३० व्होल्ट कुठून गेलेत हे त्याला ठाऊक नाही, तो सहा मिलिमीटरचं बिट घालतो.

नियम अगदी साधा आहे आणि प्रत्येक वायरमनला पाठ असतो. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच्या आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, कारण नळ्या तशाच जातात. बाथरूममध्ये गीझर आणि नळ यांच्या मधला पट्टा सोडायचा. पण घरातली मांडणी बायकोच्या किंवा आईच्या डोळ्यानं होते, आणि डोळ्याला सममिती लागते. लग्नाचा फोटो नेमका स्विचबोर्डच्या बरोबर वर, मध्यभागी शोभतो. शेल्फ नेमकं गीझरखाली हवं असतं. वायरमननं ज्या जागा टाळायला सांगितल्या त्यांचा नकाशा काढला, तर तो घर सजवण्याचा नकाशा म्हणून सहज खपेल.

भोक पडलं की त्यात प्लास्टिकची गिट्टी ठोकायची. ही आर्टुर फिशर नावाच्या जर्मन माणसानं १९५८ मध्ये काढलेली अतिशय हुशार वस्तू आहे. स्क्रू आत गेला की ती फुगून भिंतीला धरते. आमच्याकडे भोक दहाचं आणि गिट्टी सहाची असल्यानं तिला तशी संधी मिळत नाही. मग गिट्टीभोवती कागद गुंडाळतात. नाशिककरांच्या दिवाणखान्यातला आरसा एका पिझ्झाच्या बिलाच्या भरवशावर उभा आहे.

एवढं होईपर्यंत सोसायटीच्या अॅपवर तक्रारी आलेल्या असतात. इथे सोसायटीला असोसिएशन म्हणतात, आणि असोसिएशनला ड्रिल हा विषय फार प्रिय आहे. दहा ते एक, तीन ते सहा. रविवारी नाही. परीक्षांच्या दिवसांत नाही. सरकारचाही नियम आहे: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा घातली. काँक्रीटमध्ये शिरलेलं ड्रिल जवळून शंभराच्या आसपास जातं, म्हणजे मर्यादेत बसायचं तर ते फक्त हातात धरून फोटो काढता येईल. एका बिऱ्हाडातलं ड्रिल काँक्रीटच्या सांगाड्यातून बारा मजले ऐकू येतं, आणि कॅलिफोर्नियाशी मीटिंग चालू असलेला प्रत्येक माणूस ते आपल्याच डोक्यावर चाललंय असं शपथेवर सांगतो.

नियमावली मी नीट वाचली आहे. ती पूर्णपणे शेजाऱ्याच्या कानासाठी लिहिलेली आहे. ड्रिल धरणाऱ्याच्या डोळ्याचा, बोटाचा, पाठीचा तिच्यात उल्लेख नाही. यात असोसिएशनची चूक नाही. आपण सगळेच धोका आवाजावरून मोजतो. जे ओरडतं त्याला घाबरतो. ड्रिल ओरडतं, म्हणून पोराला "लांब हो, लांब हो" असं ओरडून सांगतो आणि स्वतः प्लास्टिकच्या स्टुलावर चढतो. स्टूल बिचारं काहीच बोलत नाही. ते मोडतं तेव्हासुद्धा फार आवाज होत नाही. नंतरचा असतो तो आपला.

असाच एक मूक प्राणी म्हणजे मुख्य दाराजवळच्या पेटीतला आरसीसीबी. गळती करंट ३० मिलिअँपिअरच्या घरात गेला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. बिट वायरला लागलं तर तुमच्या आणि वर्तमानपत्राच्या मध्ये तो उभा असतो. त्यावर टी लिहिलेलं एक बटण असतं. ते मधूनमधून दाबून बघायचं, यंत्र जिवंत आहे ना याची खात्री करायची. आमच्या इमारतीत ते कुणी दाबल्याचं ऐकिवात नाही, कारण दाबलं की वायफाय जातं. काकांनी एकदा नाशिककरांना सुचवलं. नाशिककर म्हणाले, "काका, आत्ता नको, बँक चालू आहे." काका म्हणाले, "अमेरिकेची बँक चालू राहू दे की. तुमचं काय?"

काका फार बोलत नाहीत, पण त्यांनी एका गोष्टीनं मजल्याला धक्का दिला. पुढच्या खेपेला सुरक्षिततेचा ध्यास घेऊन नाशिककर जाडजूड कापडी हातमोजे घालून आले. काकांनी आधी स्वतःचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि म्हणाले, "हातमोजे कशाला? थंडी वाजतेय काय?" फिरत्या यंत्रापाशी सैल हातमोजे घालायचे नाहीत. फिरणारा भाग मोज्याचा धागा पकडतो आणि धाग्यामागून हात जातो. हीच गोष्ट बाहीची, ओढणीची, मंगळसूत्राची, मोकळ्या केसांची, मनगटावर भिजून भिजून दोरी झालेल्या राखीची. नाशिककरांनी राखी कापायला नकार दिला. बहिणीला काय वाटेल? काका म्हणाले, "तिनं रक्षणासाठी बांधली ना? मग काढा की." शेवटी राखी देवापुढे ठेवण्यात आली. तिथे ती अधिक परिणामकारक असल्याचं सासऱ्यांचं मत पडलं.

इथपर्यंत ड्रिलची गोष्ट. ड्रिल तसं भाबडं असतं. खरा बेरकी तो अँगल ग्राइंडर. ड्रिलपेक्षा लहान, मुठीत मावणारा, आणि चार इंची चकती मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरवणारा. खिडकीच्या ग्रीलचा एक गज कापायचा म्हणून लोक तो भाड्यानं आणतात. त्याच्या चकतीवर एक अर्धगोल पत्रा असतो. तो गार्ड काढून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, कारण त्यामुळे "दिसत नाही". चकती फुटली तर तुकडा कुठे जाईल ते गार्ड नसताना स्पष्ट दिसतं, हे खरं आहे. आणि त्या चकतीच्या मधल्या कडीवर बऱ्याचदा मुदतीची तारीख छापलेली असते. ज्या घरात नंदिनीच्या दुधाच्या पिशवीवरची तारीख रोज बघतात, एक दिवस उलटला तर पिशवी मोलकरणीला दाखवून चर्चा करतात, त्याच घरात अडगळीतली ओल लागलेली चकती ग्राइंडरला चढते.

हे लोक ही पद्धत कुठून शिकले? स्वतःच्याच फ्लॅटचं फर्निचर होताना. दोन महिने सुतार घरात असतात, बहुतेक राजस्थानचे नाहीतर उत्तर प्रदेशचे. त्यांच्या वायरला पिन नसते. उघड्या तारा सॉकेटात खोचून वर काडेपेटीच्या दोन काड्या ठोकलेल्या असतात. कटर मशीन उलटं करून प्लायवुडच्या फळीखाली बसवतात, वर फक्त फिरतं पातं येतं, आणि झालं टेबल. त्यावर ती पोरं चपला घालून, बिडी ओढत, आठ फुटी प्लाय सुतासारखी चिरत नेतात. मालक मोबाइलवर ते चित्रित करतो आणि मित्रांना पाठवतो: बघा जुगाड.

त्या पोरांना नावं ठेवायला मला जमत नाही. दिवसाचे पैसे मिळतात, टेबल सॉ परवडत नाही, ठेकेदार घाई करतो. आणि नीट पाहिलंत तर त्यांच्या काड्यांच्या कारभारातही एक शिस्त असते. पातं चालू असताना ते त्याच्या रेषेत कधी उभे राहत नाहीत. शेवटची वीतभर फळी हातानं रेटत नाहीत, दुसऱ्या पट्टीनं ढकलतात. बोलणं बंद होतं. ही शिस्त चित्रफितीत दिसत नाही, दिसतात त्या काड्या आणि चपला. मालक नेमकं तेवढंच उचलतो. पुढच्या शनिवारी तोही चपला घालून, गार्ड काढून उभा राहतो आणि वर बोलत असतो.

यंत्रांचा आदर करायला आपण विसरलोय असं मात्र कुणी म्हणू नये. खंडेनवमीला आपण शस्त्रं पुजतो. इथे त्याला आयुधपूजा म्हणतात आणि ती अशी जोरात होते की त्यापुढे आपली कोयता-विळी पुजणं मिळमिळीत वाटतं. बस, रिक्षा, लेथ, लॅपटॉप, सगळ्यांना झेंडूच्या माळा. केळीचे खुंट. नाशिककरांच्या ड्रिलला त्या दिवशी हळदकुंकू लागलं, हवा खेळायच्या झरोक्यातून थोडं आतही गेलं. संध्याकाळी वाहनांची दृष्ट काढून कोहळे रस्त्यावर फोडतात, आणि त्या गरावरून मागच्या स्कूटरी घसरतात. कोहळे रस्त्यात टाकून जाऊ नका असं आवाहन पोलिस आणि पालिकेला करावं लागतं. तरीही त्या दिवसाचा एक मोठा गुण आहे. पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत. आमच्या इमारतीतली सगळी ड्रिलं आणि ग्राइंडर वर्षातून एकदा, एकाच वेळी, बंद असतात.

यंदाच्या वार्षिक सभेत हा विषय शेवटी निघाला. आमच्याकडे डोळ्यांच्या एक डॉक्टर राहतात, मूळच्या हुबळीच्या. ड्रिल वापरणाऱ्यानं चष्मा लावावा, शिडी वापरावी, आणि या दोन्ही गोष्टी असोसिएशननं विकत घेऊन वॉचमनच्या खोलीत ठेवाव्यात, ज्याला हव्या त्यानं सही करून न्याव्यात, अशी सूचना त्यांनी मांडली. खर्च एका दिवसाच्या कारंज्याच्या विजेपेक्षा कमी होता. काकांनी अनुमोदन दिलं. सचिवांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सूचना फार चांगली आहे, डॉक्टर," ते म्हणाले, "पण चष्मा लावल्यानं आवाज कमी होतो का?"

होत नाही, असं डॉक्टरांनी कबूल केलं. मग दुपारची वेळ तीनऐवजी साडेतीनपासून करावी का, यावर पाऊण तास चर्चा झाली. तान्ह्या मुलांचे आईबाप एका बाजूला, नुकताच ताबा मिळालेले दुसऱ्या बाजूला. मतदान झालं, साडेतीन मंजूर झालं, टाळ्या वाजल्या. चष्म्याची आणि शिडीची नोंद इतर विषयांत झाली, कुत्र्यांच्या खाली. सभा संपली तेव्हा सचिवांना वर बांधलेला बॅनर सोडवायचा होता. ते एकावर एक ठेवलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चढले आणि खालून डॉक्टरांनी खुर्च्या धरल्या.